दागिने घरी ठेवून यावे

बाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत स्वच्छ धुऊन पुसून ठेवलेली रबरी रिंग.

"मॅडम, शिंकताना निघाली. खराब झाली असेल तर बदलून द्या ना."

ती रिंग मीच बसवली होती, चार वर्षांपूर्वी. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं लाल शाईत लिहून दिलं होतं. बाई त्यानंतर उगवल्या त्या थेट डबीसकट. मधल्या काळात का आला नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्रासच नव्हता, मग कशाला उगाच तुम्हाला त्रास?"

मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी एकतीस वर्षं असे नमुने पाहिले आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. बायकांची डॉक्टर म्हटलं की लोकांना बाळंतपणं आणि पेढे आठवतात. पेढे मीही खाल्ले. पण माझी निम्मी हयात ज्या दुखण्यात गेली, त्याचं नाव पेढ्यांच्या डब्याशेजारी कोणी घेत नाही. अंग बाहेर येणं. संपादकांना हा विषय सांगितला तेव्हा फोनवर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "मॅडम, दिवाळी अंक आहे, घरात सगळे वाचतात." म्हटलं, अंग बाहेर येतं त्या बायकाही घरातच असतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचं आणि बंधांचं एक जाळं असतं. गर्भाची पिशवी, पुढची लघवीची पिशवी, मागचं आतडं, सगळं त्याच्या आधारावर. बाळंतपणं होतात, हंडे-कळशा उचलल्या जातात, वर्षानुवर्षं खोकला नाहीतर बद्धकोष्ठता असते, पाळी जाते, आणि बाजेची नवार सैल पडावी तसं ते जाळं सैल पडतं. मग वरचं खाली उतरतं. आधी नुसतं जडजड वाटतं. पुढे अंघोळीच्या वेळी हाताला काहीतरी लागतं. पुढे चालताना घासतं, जखम होते, लघवी सुटते किंवा अडते. बाई घडी घातलेलं सुती कापड आत लावते आणि स्वयंपाकाला लागते. दहा-दहा वर्षं. भांडुपच्या टेकडीवरच्या एक बाई बारा वर्षं अशा वावरल्या होत्या. "एवढी वर्षं काय करत होता?" असं मी ओरडले तर म्हणाल्या, "पोरींची लग्नं."

आणि डॉक्टरही काही कमी नाहीत. ही बाई सकाळी दहाला येते, रात्रभर आडवी पडून सगळं वर गेलेलं असतं. तिला टेबलावर आडवं करून तपासतात आणि लिहितात, नॉर्मल. अहो, नवार सैल आहे का हे रिकाम्या बाजेकडे पाहून कळतं का? माझी पद्धत वेगळी होती. बाईला दुपारनंतर बोलवायचं, दोन जिने पायी चढून यायला सांगायचं, मग उकिडवं बसवून खोकायला लावायचं. आमच्या लिफ्टमनला वाटायचं, मॅडमचं त्याच्याशी वैर आहे.

मग येतात चिरंजीव. मुंबईतल्या मुलांना सगळं आधीच माहीत असतं. "मॅडम, पिशवी काढून टाका ना, झंझटच नको." जणू पिशवी काढली की प्रश्न मिटला. बाजेवर बसलेलं माणूस उठवलं म्हणून नवार घट्ट होत नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आमच्या सिस्टर ते पाठ म्हणून दाखवायच्या.

खरं म्हणजे मार्ग बरेच आहेत, म्हणून तर बसून बोलावं लागतं. थोडंच उतरलेलं असेल तर व्यायाम आणि आतून आधार देणारी रिंग. रिंग वेळच्या वेळी तपासली तर बाई वर्षानुवर्षं सुखात राहते. ऑपरेशन करायचंच तर पिशवी खालच्या मार्गाने काढता येते, पोटावर टाका नाही. पण त्याबरोबर पुढची-मागची सैल भिंत आवळावी लागते आणि वरचं टोक आतल्या एखाद्या भक्कम बंधाला टाक्यांनी अडकवावं लागतं, नाहीतर दोन-तीन वर्षांत बाई पुन्हा दारात. बाई तरुण असेल, पिशवी ठेवायची असेल, तर पोटातून पट्टी घालून ती वर टांगता येते. जाळी घालून माकडहाडाच्या वर बांधायचंही ऑपरेशन आहे. खालच्या मार्गाने घालायच्या जाळीचं मध्यंतरी फार कौतुक झालं, मग ती काहींना आतून रुतायला लागली आणि सगळ्यांनी हात आखडता घेतला. कुठलंच फुकट नाही. कुणाला नंतर खोकताना लघवी येते, कुणाला जवळीक दुखरी होते, कुणाचं पुन्हा उतरतं.

शेवटचा मार्ग म्हणजे बंद करणं. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना शिवून टाकायची, दोन्ही बाजूंना स्रावापुरती बारीक वाट ठेवायची. पिशवी आतच राहते. ऑपरेशन आटोपशीर, भूल कमी, रक्त कमी जातं, आणि पुन्हा उतरायची भीती जवळपास नाही. हृदयाची दुखणी, दमा, वय झालेलं, अशा बायकांना हे वरदान आहे. फक्त त्यानंतर शरीरसंबंध येत नाही. कधीच नाही. म्हणून हे करण्याआधी बाईला एक प्रश्न विचारावाच लागतो. वैद्यकातला सगळ्यात सोपा प्रश्न. त्याला ना रक्त काढावं लागतं ना फोटो.

तो मी एकदा विचारला नाही. हा लेख खरं तर त्याबद्दल आहे, बाकी सगळं मी धीर गोळा करायला लिहिलं.

त्यांना प्रभाताई म्हणू. नाव बदललं आहे, आणि लिहू का असं त्यांना विचारलंही आहे. विचारायचं, एवढं तरी मी शिकले.

पण त्याआधी बोर्ड. आमच्या ओपीडीबाहेरच्या गर्दीत एकाच महिन्यात दोन बायकांची मंगळसूत्रं चोरीला गेली. दोघी माझ्या टेबलाशी येऊन रडल्या, जणू मीच घेतली. मी प्रशासकांशी भांडले, पत्र लिहिलं, पुन्हा भांडले आणि शेवटी पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत बोर्ड लावून घेतला: 'रुग्णांनी दागिने घरी ठेवून यावे.' मोठं काम केल्यासारखं मला वाटलं होतं.

प्रभाताई चौसष्ट वर्षांच्या, भांडुपच्या. सिंधुदुर्गातल्या, पण जन्म सगळा इकडेच गेलेला. त्यांचं अंग पूर्ण बाहेर आलेलं, घासून जखम झालेली. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या ज्युनियरने पाहिलं. मी पाहिलं दुसऱ्या खेपेला. बरोबर मुलगा, ऐरोलीला कंपनीत असलेला, सारखा घड्याळ बघणारा. बाईंच्या गळ्यात काही नाही. हातात बांगडी नाही. कपाळ मोकळं.

मी ते एका नजरेत टिपलं आणि मनात लिहून टाकलं, विधवा.

केसपेपरवर मधलं नाव नवऱ्याचं होतं, पण ते आपल्याकडे असतंच, नवरा असो वा नसो. मुलाला मी ऑपरेशन समजावलं. मुलाला. बाई शेजारच्या स्टुलावर होत्या. भूलतज्ज्ञ म्हणाले, हृदय बघता छोटंच काहीतरी करा. मी म्हटलं, बंद करूया. मुलगा म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा मॅडम, आईचं आता वय झालं." पडद्याआड तपासताना बाई एकट्या होत्या. तेव्हा विचारता आलं असतं. पण जे आपल्याला माहीत आहे ते माणूस कशाला विचारेल?

संमतीपत्रावर ती ओळ छापलेली होती: 'या शस्त्रक्रियेनंतर शरीरसंबंध शक्य होणार नाही.' बाकीच्या ओळी मी वाचून दाखवल्या. ही एक गाळली. मुलगा समोर उभा, बाई विधवा, कशाला बिचारीला ओशाळं करायचं, असं मला वाटलं. वर स्वतःच्या समंजसपणाचं थोडं कौतुकही वाटलं. बाईंनी दाखवलेल्या जागी सही केली. अक्षर सुरेख होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

ऑपरेशन झकास झालं. रक्त म्हणावं तर वाटीभरही नाही. चौथ्या दिवशी घरी.

दीड महिन्याने प्रभाताई दाखवायला आल्या. टाके छान भरलेले, जखमेचा मागमूस नाही, लघवी व्यवस्थित. मी खूश. त्या पडद्यामागे साडी सारखी करत होत्या, मी टेबलाशी लिहीत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, हे परत उघडता येतं का?"

"काय?"

"हे तुम्ही शिवलंय ते. नाही, सहज. हे विचारत होते."

"हे म्हणजे कोण?"

"हे. बाहेर बसलेत ना, काळा चष्मा लावून."

आणि त्या पडद्यामागून बाहेर आल्या. गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र होतं. इतका वेळ ते तिथेच होतं. मी आल्याबरोबर नेहमीप्रमाणे खालूनच तपासायला लागले होते.

मला दरदरून घाम फुटला. आणि घाम फुटला की माणूस जे करतं तेच मी केलं, समोरच्यावर चिडले. "मंगळसूत्र का नव्हतं घातलं तेव्हा?"

"तुमच्या बोर्डावर लिहिलंय ना," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला सून बरोबर होती, तिने वाचलं. तिनेच काढून कपाटात ठेवलं, बांगड्या पण."

"आणि टिकली?"

"टिकलीने पुरळ येतं मला. कित्येक वर्षं लावत नाही."

"मग एवढं सगळं होईपर्यंत बोलायचं नाही का काही? मिस्टर एकदाही दिसले नाहीत!"

"त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्याच आठवड्यात. धूळ चालत नव्हती." मग त्या स्टुलावर बसल्या. तेच स्टूल. "तुम्ही विचारलं नाही मॅडम. आणि पोरासमोर मी काय बोलणार होते?"

मी केसपेपर मिटला.

"रोजचं काही नसतं हो आता," प्रभाताई खाली बघत म्हणाल्या. "पण हे असं बाहेर यायला लागल्यापासून मीच त्यांना लांब ठेवलं. सात-आठ वर्षं. घाण वाटायची माझीच मला. ते कधी काही बोलले नाहीत. मग सून म्हणाली ऑपरेशनने बरं होतं. म्हटलं, करून घेऊ. नीट होऊ आपण." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "मी कशासाठी केलं ऑपरेशन?"

एकतीस वर्षांत मला पुष्कळ अवघड प्रश्न आले. बाळ का गेलं, असं विचारणाऱ्या आयांना मी उत्तरं दिली आहेत. इथे मी खरं तेवढं सांगितलं. म्हटलं, नाही उघडता येत. उघडायचा प्रयत्न केला तर सगळं पुन्हा खाली येईल आणि तुमच्या हृदयाला दुसरं मोठं ऑपरेशन झेपणार नाही. म्हटलं, मी तुम्हाला विधवा समजले. विचारायला हवं होतं. माझं चुकलं.

त्या रडल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "ह्यांना तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

मी काकांना आत बोलावलं. भांडुपच्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेला, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, ऑपरेशन माझं डोळ्याचं होतं, कानाचं नव्हतं," ते म्हणाले. "फोन केला असता एक, तर ऐकला असता मी."

मी मान खाली घालणार तेवढ्यात प्रभाताई फाडकन म्हणाल्या, "तुम्हाला कशाला फोन? मला विचारायचं होतं. मी तिथेच होते."

काका वरमले. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे. तुलाच विचारायचं होतं." आणि जाताना औषधांची पिशवी त्यांनी घेतली, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. दारात मला म्हणाले, "तिला आता दुखत नाही ना? तेवढं बघा." तक्रार केली नाही. केली असती तर मी सही करून दिली असती.

त्यानंतर मी सगळ्यांशी भांडत सुटले. खोलीतल्या नातेवाइकांच्या खुर्च्या बाहेर काढल्या. एकच खुर्ची, बाईची. सोबतीला हवीच तर दुसरी बाई स्टुलावर बसेल. मुलगा, नवरा, जावई बाहेर. "आईला काही कळत नाही मॅडम," म्हणणाऱ्या मुलांना मी सांगायचे, "तुला वाढवलं ना तिने? मग कळतं." ज्युनियर डॉक्टरांना केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहायला लावलं: बाईला एकटीला विचारलं, बाईचं उत्तर अमुक. पोरं कंटाळायची. एकजण म्हणाला, "मॅडम, सत्तर वर्षांच्या आजीला हे विचारायला ऑकवर्ड होतं यार." मला म्हणाला, यार! मी म्हटलं, तुझ्या ऑकवर्डपायी तिचं आयुष्य शिवून टाकतोस का?

विचारायला लागल्यावर कळलं की उत्तरं कशी कशी असतात. काही आजी लाजून हसायच्या आणि हो म्हणायच्या. एक घाटकोपरच्या बाई, पंधरा वर्षं नवरा नसलेल्या, म्हणाल्या, "बंद नको. उपयोग नाही, पण माझं आहे ते असू दे." एकीने मलाच उलट विचारलं, "तुमचं काय मॅडम?" तिला मी फॉर्म भरायला बाहेर पाठवलं.

बोर्ड काढा म्हणूनही मी पत्र दिलं. प्रशासक म्हणाले, "मॅडम, तुम्हीच भांडून लावला ना? चोऱ्या थांबल्या. बोर्ड छान चाललाय." बोर्ड राहिला. प्रभाताई मात्र दर सहा महिन्यांनी त्याच्याखाली बसायच्या त्या मंगळसूत्र घालून, पदराच्या वर काढून. वॉचमनने एकदा हटकलं तर म्हणाल्या, "चोरीला जाऊ दे. मॅडमना दिसलेलं बरं."

आमच्यात एक प्रकारची मैत्री झाली, असं मी म्हणेन. त्या म्हणतील की नाही, ठाऊक नाही. घरी दोघांचं काय झालं हे मी एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "हे आता रात्री पाय चेपून देतात. म्हणतात, एवढं तरी." आणि विषय बदलला. ते 'एवढं तरी' मी घरी घेऊन आले आणि अजून ते माझ्याकडे आहे.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. प्रभाताई जावेला घेऊन आल्या. सुमतीबाई (हेही नाव बदललेलं, लिहू का हे त्यांनाही विचारलेलं), वय अडुसष्ट, गावाहून मुलाकडे कांजूरला राहायला आलेल्या. दमा होता. पिशवी पूर्ण बाहेर. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठसठशीत कुंकू. प्रभाताई स्टुलावर, सुमतीबाई खुर्चीवर. माझा नियम मोडून सुमतीबाईंचा मुलगा दार ढकलून आत आला. हातात मोबाईल.

"मॅडम, मी सगळं रीड केलंय. ते क्लोज करायचं ऑपरेशन असतं ना, तेच करा. दमा आहे, वय आहे. सेफ आहे ना ते?"

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याची मी इतकी वर्षं वाट बघत होते तो माणूस आयता समोर आला होता. मी पेन ठेवलं आणि सुरू झाले. म्हटलं, तुमचे वडील आहेत ना? घरी आहेत ना, धडधाकट? त्यांना विचारलंत? आईवडिलांचं काही आयुष्य असतं की नाही? तुमच्या सोयीसाठी मी तुमच्या आईला शिवून टाकू? मुळीच नाही. दमा आटोक्यात आणू, पाठीत भूल देऊ, वर नीट अडकवून देऊ, वेळ लागला तर लागला. मुलगा लालबुंद झाला. "सॉरी मॅडम, मी तसं... पप्पा... ठीक आहे ना, तुम्ही म्हणाल तसं." मी विजयी मुद्रेने केसपेपर पुढे ओढला आणि अडकवायच्या ऑपरेशनचं नाव लिहायला लागले. निवृत्तीच्या आधी एक हिशेब चुकता केल्यासारखं वाटत होतं.

"मॅडम," स्टुलावरून आवाज आला. "भांडून झालं असेल तर तिला पण विचारा. ती इथेच आहे."

प्रभाताई शांत होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या, जावेच्या पाठीवरची साडी सारखी करत होत्या.

वीज पडावी तसं वगैरे काही झालं नाही. फक्त कान गरम झाले. मोकळा गळा पाहून मी एकदा ठरवलं होतं, भरला गळा पाहून पुन्हा ठरवलं. मधल्या वर्षांत मी शिकले होते ते ओरडायला.

मी मुलाला बाहेर काढलं. प्रभाताई न सांगता उठून गेल्या. मी दार लावलं, खुर्ची सुमतीबाईंच्या जवळ ओढली आणि विचारलं. तो सोपा प्रश्न.

सुमतीबाईंनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बंद करून टाका बाय."

"नक्की? मुलगा म्हणाला म्हणून नको."

"त्याका काय ठावक? तो झील माझो." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पन्नास वर्सां माका नको म्हणूक जमला नाय. दारू पिऊन येवंदे, माझ्या अंगात ताप असूंदे. ह्यां बाहेर येवक लागला तेव्हापासून त्येंका किळस येता. पाच वर्सां मी सुटलंय. आता तुम्ही सगळां नीट करून देतलास, तर परत तांच सुरू." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "बंद करा. पण घराक सांगा, डाक्टरान सांगितलां. मी नाय."

जिने अंग बाहेर आलं म्हणून नवऱ्याला लांब ठेवून आठ वर्षं जीव मारला ती एक जाऊ, आणि जिला त्याच दुखण्याने पाच वर्षं झोप लागली ती दुसरी. मी दोघींना तपासलं होतं. तपासून दोघी सारख्याच दिसल्या होत्या. इतका राग आला मला, त्या माणसाचा, त्या पन्नास वर्षांचा, आणि सुमतीबाईंना सुटकेसाठी माझी सुई लागते ह्याचा. पण तो राग तिला नको होता, तिला उत्तर हवं होतं. मी केसपेपरवरचं लिहिलेलं खोडलं. संमतीपत्राची ती ओळ ह्या खेपेला मोठ्याने वाचली, दोनदा. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा सुमतीबाईंनी डोळे मिटून मान हलवली.

बाहेर येऊन मुलाला आणि मागाहून त्याच्या वडिलांनाही सांगितलं, दमा बघता हेच योग्य. खोटं बोलावंच लागलं नाही. दमा होताच. मुलगा गोंधळला, आधी ज्यापायी शिव्या खाल्ल्या त्याच ऑपरेशनला मॅडम आता हो म्हणतायत. मी त्याची माफी मागितली, कारण सांगितलं नाही. वडील पुटपुटले, "डाक्टर म्हणता तर काय करूचा." मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेन.

ऑपरेशनच्या सकाळी सुमतीबाईंना आत घेतलं. माझा ज्युनियर पुढचा कागद भरत होता. त्याने टेबलावरच्या बाईकडे पाहिलं, गळा मोकळा, कपाळ सिस्टरने पुसलेलं, आणि मला हळूच विचारलं, "विधवा आहेत का मॅडम?" मी त्याला म्हटलं, मला कशाला विचारतोस. तो वळला आणि त्याने तिला विचारलं.

तास-सव्वा तासात आटोपून मी बाहेर आले. प्रभाताई त्याच बोर्डाखाली बसल्या होत्या. जावेचं मंगळसूत्र रुमालात बांधून मुठीत धरलेलं. कसं झालं, किती वेळ लागला, कधी सोडणार, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"विचारलं होतंत ना?"

"विचारलं होतं."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. जाऊ काय म्हणाली, ते त्यांनी विचारलं नाही.